पडवीतला मॉनिटर आणि चारची तिरीप

देवगडला आमच्या पडवीचं तोंड पश्चिमेला. आंब्याचा हिशोब तिथंच बसून करायचा, आणि चार वाजले की एक्सेलच्या रकान्यांत माड डोलायला लागतात.

आधी फुकटचा उपाय. टेबल असं फिरवा की उजेड डाव्या-उजव्या अंगाने येईल; पाठीमागून आला तर पडद्यात आरसा, समोरून आला तर डोळ्यांवर तिरीप. निम्म्या लोकांचं काम इथंच भागेल.

नाही भागलं, तर दुकानात जाऊन मॉनिटर बंद करायला सांगा आणि काळ्या पडद्यावर मोबाइलची बॅटरी मारा. ठिपका लख्ख दिसला तर पडदा ग्लॉसी. धुक्यातल्या दिव्यासारखा पसरला तर मॅट: खरबरीत पृष्ठभाग उजेड विखुरतो, नाहीसा करत नाही. ठिपका मंद आणि जांभळट-हिरवट असेल तर वर अँटी-रिफ्लेक्टिव्ह थर आहे. साध्या काचेचा एक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के उजेड परत फेकतो. मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढ्या जाडीचा हा थर परतणाऱ्या लहरी एकमेकींत विरवतो. मग मॉनिटर चालू करून पांढरं पान बघा. मॅट भरड असेल तर त्यावर साखर सांडल्यासारखी चमचम दिसते. बारीक अक्षरं वाचणाऱ्याने तो घेऊ नये.

खोक्यावरच्या चिन्हांनी भुलू नका. आपल्याकडचं बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोचं, चिन्ह विजेच्या सुरक्षिततेचं. चकाकीबद्दल ते काही बोलत नाही. युरोपात मात्र १९९० च्या निर्देशानुसार कामाच्या जागी पडद्यावर त्रासदायक प्रतिबिंब नको, आणि ती जबाबदारी मालकाची. ‘आयएसओ १३४०६-२’ या जुन्या मानकात तर चकाकीनुसार पडद्यांचे तीन वर्ग होते. पहिल्या वर्गाचा पडदा कुठल्याही सर्वसाधारण ऑफिसात चाले, तिसऱ्यासाठी खोलीतला उजेडच आवरावा लागे. पुढे त्याची जागा ‘आयएसओ ९२४१’ मालिकेने घेतली. आमची पडवी तिसऱ्यातही बसली नसती.

वरून चिकटवायची फिल्म मीही आणली होती. पहिल्याच पावसात कडेने उचलली.

राहिली पुसापुशी. खाऱ्या वाऱ्याने पडद्यावर मिठाचा पापुद्रा धरतो. तो कोरडा घासलात की थरावर ओरखडे. पडदा बंद करून मायक्रोफायबरचं फडकं डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घट्ट पिळा, हलक्या हाताने टिपा, मग कोरड्या फडक्याने पुसा. काचेच्या खिडक्यांचा अमोनियावाला स्प्रे खिडक्यांनाच ठेवा.