धान्यातलं फायबर नेमकं कुठे हरवतं? या चुका टाळा

पहिली चूक तक्ता वाचतानाच होते. ‘कोद्र्यात 9 टक्के फायबर, ज्वारीत जेमतेम दीड’ अशी तुलना सतत फिरत असते. हे आकडे खोटे नाहीत, पण जुन्या पद्धतीचे आहेत. त्या पद्धतीत धान्य आधी आम्लात आणि मग अल्कलीत उकळून जे उरेल ते ‘क्रूड फायबर’ म्हणून मोजायचे. या उकळण्यात विरघळणारा चोथा, म्हणजे फायबर, जवळजवळ सगळाच वाहून जातो. उलट दाण्याला तूस चिकटलेलं असेल तर आकडा फुगतो, आणि तूस काही कुणी खात नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यात एकूण फायबर मोजलंय. तिथे चित्र उलटं दिसतं. 100 ग्रॅमला बाजरी 11.5 ग्रॅम, नाचणी आणि गहू 11.2, ज्वारी 10.2, वरी 7.7, कोद्रा 6.4, बिनपॉलिशचा तांदूळ 4.4, पांढरा तांदूळ 2.8. मैदाही 2.8 च. जुना आणि नवा तक्ता एकमेकांत मिसळलेला लेख दिसला, की तो तिथेच सोडून द्यावा.

रानातलं म्हणजे भरपूर फायबर?

अर्धं खरं आहे. तळ्याकाठी, दलदलीत आपोआप उगवणारं देवभात घ्या. बैलाच्या कष्टाचं नाही म्हणून ऋषिपंचमीला त्याचा मान. दाणा बारीक, साल लालसर, टोकाला लांब कुसळ. दाणा जितका लहान, तितकं गराच्या मानाने सालीचं प्रमाण जास्त. आणि भाताचं बहुतेक फायबर सालीतच असतं. पण हेच देवभात पांढरं होईपर्यंत पॉलिश केलं, तर रानातल्या आणि शेतातल्या भातात चोथ्यापुरता फारसा फरक उरत नाही. पैसे मात्र जास्त मोजलेले असतात.

दुसरा घोटाळा ‘वाइल्ड राइस’ लिहिलेल्या पाकिटाचा. तो लांब, काळा दाणा उत्तर अमेरिकेतल्या पाणगवताचा. देवभाताशी त्याचं नातं लांबचं, आणि आपल्याकडच्या काळ्या तांदळाशीही तो एक नव्हे. नावात ‘वाइल्ड’ असलं तरी दुकानात येणारा बराचसा माल मिनेसोटा आणि कॅलिफोर्नियातल्या शेतांत मुद्दाम पिकवलेला असतो. कोरड्या दाण्यात 100 ग्रॅमला 6 ग्रॅमच्या आसपास फायबर. वाईट नाही, पण ज्वारी त्याच्या पुढे आहे.

गिरणीत काय सांगायचं

तूस आणि कोंडा यांत गल्लत नको. तूस हे बाहेरचं कडक टरफल, त्यात सिलिका असते. ते जायलाच हवं. कोंडा म्हणजे त्याच्या आतली पातळ साल, ती राहायला हवी. हुलरमध्ये, म्हणजे भात सडायच्या जुन्या यंत्रात, दोन्ही एकदमच निघतात, म्हणून हुलरचा कोंडा खाण्यात वापरू नये. रबर रोलच्या यंत्रात फक्त तूस सुटतं. तेव्हा ‘तूस काढा, पॉलिश नको’ एवढं स्पष्ट सांगा. भगर घेतानाही हेच बघा: शुभ्र, चकचकीत दाणा पॉलिशचा, बिनपॉलिशचा मातकट-पिवळसर दिसतो. शिजायला तो वेळ घेतो. सहा तास भिजवून तिप्पट पाण्यात शिजवा, मग कचकच लागत नाही.

नाचणीला हा धोका नाही. तिची साल गराला इतकी घट्ट असते की साध्या यंत्राने पॉलिश होतच नाही. नाचणीचं फायबर जातं ते घरात, वस्त्रगाळ करताना. बाळासाठी सत्त्व काढणं ठीकच आहे, पण मोठ्या माणसांनी ‘फायबरसाठी’ सत्त्व खाऊ नये. फायबर त्या फडक्यात राहिलेलं असतं.

चाळणी

एकदा वजन करून बघा. किलोभर कणीक चाळा आणि वर राहिलेला कोंडा तोला. गव्हाच्या कोंड्यात 40 टक्क्यांहून जास्त फायबर असतं. 50 ग्रॅम कोंडा टाकला तर साधारण 20 ग्रॅम फायबर गेलं. किलोभर पिठात होतं सगळं मिळून 113 ग्रॅम. दिवसाची गरज 30 ग्रॅमच्या आसपास धरतात, त्यावरून हिशेब करा. चाळायचं तर किडे-काडी निघेल एवढ्याच जाड चाळणीने.

न चाळलेल्या कणकेची पोळी चिरते, ही तक्रार खरी. कोंडा पाणी सावकाश शोषतो. वाटीभर कणकेला एक-दोन चमचे पाणी जास्त घ्या आणि गोळा अर्धा तास झाकून ठेवा. ज्वारीची भाकरी चिरते तेव्हा मात्र दोष कोंड्याचा क्वचितच असतो. पीठ जुनं होऊन विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. उकळतं पाणी घालून मळा, आणि पुढच्या वेळी आठवड्यापुरतंच दळून आणा.

जव हा सगळ्यात निराळा. त्याचं विरघळणारं फायबर, बीटा-ग्लुकन, सालीत कमी आणि गरात जास्त असतं. म्हणून पॉलिश केलेल्या पर्ल बार्लीतही ते बऱ्यापैकी टिकतं. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी हेच फायबर दिवसाला 3 ग्रॅम पोटात जावं लागतं. (सातू म्हणजे जव खरा, पण घरोघरच्या ‘सातूच्या पिठा’त बहुधा गहू आणि डाळंच असतं. पाकिटाची मागची बाजू वाचा.)

पोट फुगलं तर

तांदळावरून एकदम तीन वेळच्या भाकरीवर गेलं की गॅस होणारच. पहिल्या आठवड्यात दिवसाला एकच भाकरी: 60 ग्रॅम ज्वारीच्या पिठात 6 ग्रॅम फायबर येतं. त्रास नसेल तर दुसऱ्या आठवड्यात आणखी एक. पाणी वाढवलं नाही तर उलट बद्धकोष्ठच होतो.

बिनपॉलिशचं धान्य लवकर खवट होतं, कारण सालीबरोबर तेलही राहतं. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट लागतं. तसं लागलं तर टाकून द्या, भाजून काही उपयोग नाही. कोद्रा घेताना पावसात भिजलेला, काळसर किंवा कुबट वासाचा माल अजिबात नको. त्यावर वाढणाऱ्या बुरशीचं विष शिजवून जात नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये मध्य प्रदेशातल्या बांधवगडच्या जंगलात 10 हत्ती दगावले ते असाच बुरशी लागलेला कोद्रा खाऊन.