टेलिंग पाँडची पाळ तपासायची ती पायथ्यापासून

माझी सगळी नोकरी खाणीत सर्व्हेअर म्हणून झाली. शेवटची बारा वर्षं नागपूर जिल्ह्यातल्या एका खाणीत टेलिंग पाँडची पाळ माझ्याकडे होती. खनिज दळून-धुऊन काढल्यावर पाण्यासोबत जो बारीक गाळ उरतो, तो या पाळीच्या आत सोडतात. नवीन लागलेली पोरं माथ्यावरून गाडीने एक फेरी मारतात आणि रजिस्टरात 'ठीक' लिहितात. माथ्यावरून पाळ ठीकच दिसते. पाणी फुटतं ते खाली. म्हणून पायी जा आणि पायथ्याकडून सुरुवात करा.

सकाळी उन्हं तिरपी असताना जा, तेव्हा ओल चमकते आणि उतारावरचा फुगवटा सावली टाकतो. वर्षातली पहिली मोठी फेरी मे महिन्यात, रोहिणी लागायच्या आधी करा. आपल्याकडे तेव्हा सगळं करपलेलं असतं. अशात उतारावर एखादाच पट्टा हिरवागार असेल, किंवा बेशरमाची झुडपं तेवढ्याच जागी माजली असतील, तर तिथे आतून पाणी पोचतंय. जागेवर चुना टाका, फोटो काढा, आणि पुढच्या वेळचा फोटोही त्याच दगडावर उभं राहून काढा.

पाझर दिसला म्हणून लगेच घाबरू नका. मातीच्या पाळीतून थोडं पाणी झिरपतंच, पायथ्याची नाली त्यासाठीच असते. पाहायचं ते किती येतं आणि कसं येतं. पांढऱ्या काचेच्या बाटलीत पाणी भरा, तारीख चिकटवा, रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी तळाशी गाळ बसला असेल तर पाळीच्या पोटातली माती वाहून येते आहे, आणि ही बातमी त्याच दिवशी मॅनेजरच्या टेबलावर गेली पाहिजे. पाणी मोजायला नालीत पत्र्याची काटकोनी खाच असते, व्ही नॉच. पट्टी खाचेत धरू नका, थोडी मागे, पाणी संथ असेल तिथे धरा. पाणी खाचेच्या खालच्या टोकापासून ५ सेंटीमीटर वर असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर जातं. १० सेंटीमीटर असेल तर जवळजवळ साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पट होतं, म्हणून 'थोडंसंच वाढलंय' असं कोणाला म्हणू देऊ नका. पाऊस नसताना वाढलं तर जास्तच जपा.

एका वर्षी पोळ्याच्या सुमाराला पायथ्याशी ताटाएवढी ओल दिसली. ठेकेदाराच्या माणसांनी काळी माती आणली, थोपली, धुम्मसने ठोकली. मी तिथेच उभा होतो आणि त्यांना थांबवलं नाही, हे मला आजही खुपतं. आठवड्याभराने पंधरा पावलं पलीकडे, उतारावर कमरेएवढ्या उंचीला पाणी निघालं, तेही गढूळ. कोंडलेल्या पाण्याने वर वाट काढली होती. ती माती आम्ही रात्रीच उकरली. दोन्ही जागी आधी जाड रेती, तिच्यावर बारीक गिट्टी, तिच्यावर मोठी गिट्टी असा थर दिला. सकाळपर्यंत पाणी येतच होतं, पण नितळ. पाझर कधीही मातीने बुजवू नका. पाणी बाहेर येऊ द्यायचं, माती आत अडवायची. पायथ्याच्या जमिनीतून रेती उकळल्यासारखी वर येत असेल तर तिथेही हाच थर द्या आणि भोवती रेतीच्या बोऱ्यांचं कडं करा.

मग माथा. काळ्या मातीची पाळ उन्हाळ्यात तडकतेच. त्या भेगा जाळीसारख्या, सगळीकडे पसरलेल्या असतात. त्याही पावसाआधी भरून घ्याव्या लागतात, पण त्या घसरणीच्या नसतात. घसरणीची भेग माथ्याला समांतर, किंचित धनुष्यासारखी वळलेली असते आणि तिची एक कड खाली बसलेली असते. हात फिरवला की कळतं. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि अंतर रोज मोजा. माथ्याला आडवी, आरपार जाणारी भेग असेल तर ती पाण्याला तयार वाटच आहे.

आतलं पाणी पाळीला टेकता कामा नये. मध्ये गाळाचा कोरडा काठ हवा, आमच्याकडे त्याला बीच म्हणतात. तो किती रुंद आहे आणि पाणी माथ्यापासून किती खाली आहे, दोन्ही स्टाफ (सर्व्हेची मोजकाठी) लावून मोजा, अंदाजाने लिहू नका. नितळ पाणी काढणाऱ्या डिकँटच्या जाळीत पन्नी आणि झाडोरा अडकतो, तो मृगाच्या आधी काढा. पिझोमीटरची, म्हणजे पाळीच्या आतलं पाणी कुठवर चढलंय ते दाखवणाऱ्या नळीची पातळी, पाऊस आणि पाँडची पातळी एकाच आलेख कागदावर तीन रंगांत काढत जा. पाऊस थांबूनही पिझोमीटर चढत असेल तर पाळ आतून भिजते आहे.

जुन्या नकाशांत एक गोष्ट जरूर शोधा. तुमची पाळ उंच करताना नवा थर जुन्या गाळावर आतल्या बाजूला चढवला होता का? ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्योचा बांध तसाच चढवलेला होता. त्यात गाळ सोडणंही बंद झालं होतं आणि काही महिन्यांपूर्वी तो स्थिर असल्याचा दाखला मिळाला होता. २५ जानेवारी २०१९ ला भिजलेला गाळ एकाएकी पातळ झाला आणि २७० माणसं गेली. खाणीचं कँटीन बांधाच्या खालीच होतं. भोंगा वाजलाच नाही. आपल्याकडे २०२२ च्या जुलैत नागपूरजवळ कोराडीच्या वीजकेंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध मुसळधार पावसात फुटला आणि राख शेतांत, नाल्यात शिरली. राखेच्या तलावालाही हीच फेरी लागू पडते.

गढूळ पाझर वाढतोय, भेगेची कड खचतेय किंवा पायथा फुगतोय, यातलं एक जरी दिसलं तरी गाळ सोडणं बंद करायला सांगा आणि खालची माणसं हलवा. वरिष्ठांना फोन करा, पण त्यांच्या होकारासाठी माणसांना थांबवू नका. यासाठी एका कोरड्या दिवशी नाल्याच्या काठाने खाली चालत जा. कोणाचं घर, कोणाचा गोठा, कोणत्या शेतात रखवालीला रात्री कोण झोपतं, हे लिहून काढा. पऱ्हाटी वेचणीला बाहेरगावच्या बाया येतात, त्यांचा मुक्काम कुठे असतो ते विचारा. ज्या घरी फोन नाही तिथे दार वाजवायला कोण जाईल, त्याचं नाव वहीत त्या घरापुढेच लिहा.