आईबाबांची पाच मिनिटं कुठे जातात? या चुका टाळा

शाळेची व्हॅन निघून गेली की घर जरा शांत होतं. ऑफिसची घाई सुरू व्हायला अजून थोडा वेळ असतो. नेमका तेव्हा फोन हातात येतो. वर्गाच्या ग्रुपवर उद्याच्या चार्टपेपरची आठवण, सोसायटीच्या ग्रुपवर टँकरवरून जुंपलेली, मग दोन-चार रील्स. वेळ संपतो आणि डोकं आधीपेक्षा जड होतं. फोन बघणं म्हणजे विश्रांती, हा समज माझ्या मते सगळ्यात महागात पडतो. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावा आणि चहा ओट्याशी उभ्याने न ढोसता खिडकीपाशी बसून प्या. सुरुवातीला चुळबुळ होईल, होऊ दे.

रविवारी निवांत बसू, ही दुसरी चूक. रविवारी पाहुणे येतात, गणवेश धुवायचे असतात आणि प्रोजेक्टही रविवारी रात्रीच आठवतो.

‘राग आला की खोल श्वास घे’ हा सल्ला सगळे देतात, पण तो अर्धवट असतो. आपण छाती फुगवून श्वास आत ओढतो आणि तोच ओरडण्यासाठी वापरतो! श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून भर सोडण्यावर हवा. चार आकडे मोजत नाकाने आत, सहा मोजत सावकाश बाहेर. असे सहा श्वास म्हणजे साधारण एक मिनिट. कुकरच्या शिट्ट्यांची वाट बघताना याचा सराव करा. ऐन भांडणात पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही. गरगरायला लागलं तर थांबा.

तान्हं बाळ तासभर रडतंय आणि तुमचा तोल सुटतोय असं वाटलं, तर त्याला सुरक्षित पाळण्यात पाठीवर निजवून दोन-चार मिनिटं बाजूला व्हा. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. रागाच्या भरात बाळाला गदागदा हलवणं मात्र जिवावर बेतू शकतं.

मुलं झोपल्यावर ‘आता माझा वेळ’ म्हणून एक वाजेपर्यंत सिरीज बघणं समजण्यासारखं आहे, पण दुसऱ्या दिवशीची चिडचिड तिथूनच सुरू होते. मोठ्यांना किमान 7 तास झोप लागते, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास. म्हणून आपलं जागरण वाढवण्यापेक्षा मुलांची निजायची वेळ अर्धा तास अलीकडे आणा.

आणि घरच्यांना न सांगता कुढणं! ‘यांना कळायला नको का?’ नाही कळत. ‘साडेसात ते पावणेआठ मी गच्चीवर आहे, तोवर तू बघ,’ असं स्पष्ट सांगा. पार्किंगमध्ये गाडीवर पाच मिनिटं नुसतं बसून मग वर येणाऱ्या बाबांना हसू नका, त्यांनाही ती हवी असतात. फक्त तेवढीच पाच मिनिटं आईलाही ठरवून मिळायला हवीत, नाहीतर ती पळवाट होते.

दोन आठवडे झोप-भूक बिघडलेली आहे, सतत रडू येतंय किंवा मुलावर वारंवार हात उठतोय, तर हे उपाय पुरणार नाहीत. 14416 हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा मुलाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी फोन करा.