नागपूर न सोडता टेक कंपनीत रिमोट काम कसं शोधायचं अन् कसं टिकवायचं

ओळखीतली पोरंपोरी सतत विचारून राहिली की दादा, पुणे-बंगलोरला न जाता इथेच राहून चांगलं काम मिळते का. मिळते. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल आहेत, आयटी पार्कात पर्सिस्टंट आहे, तिथे जमत असेल तर तेही बघा, पण तुम्हाला जे काम करायचंय ते तिथे असेलच असं नाही, आणि आई-बाबा इथे एकटे असले की गाव सोडणं सोपं नसते. मी बेसाकडे घरी बसून सात वर्षं हेच काम करून राहिलो, तर जे कळलं ते सांगतो.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. रिमोट कामात कोडिंग येणं हे निम्मं झालं, उरलेलं निम्मं म्हणजे लिहिता येणं. ऑफिसात तुम्ही दिसता, चहाला भेटता, साहेबाला कळते की पोरगा धडपडतोय. इथे तुमचं जे लिहिलेलं आहे तेवढेच तुम्ही. माझं पहिलं काम यातच गेलं, एका बगमध्ये दोन दिवस अडकलो आणि वाटलं सुटल्यावरच सांगू, तिकडे त्यांना वाटलं माणूस गायब झाला, महिनाअखेर काम बंद. तेव्हा खूप लागलं होतं मनाला, म्हणून हे कळकळीनं लिहितोय.

आता शोधायचं कुठे. लिंक्डइन आहेच, त्याशिवाय वी वर्क रिमोटली, रिमोट ओके, वेलफाउंड या जॉबच्या साइट आहेत, आणि हॅकर न्यूज या टेकवाल्यांच्या चर्चेच्या साइटवर दर महिन्याच्या सुरुवातीला ‘हू इज हायरिंग’ नावाची पोस्ट निघते तिथे कंपनीचीच माणसं स्वतः लिहितात, ते नक्की बघा. जाहिरातीत नुसतं ‘रिमोट’ लिहिलं म्हणून खूश होऊ नका, खाली बऱ्याचदा ‘फक्त अमेरिकेतले’ असं असते, ‘वर्ल्डवाइड’ किंवा ‘इंडिया’ दिसलं तरच वेळ घाला. आणि टेलिग्रामवर कोणी रिमोट जॉब देतो म्हणून रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे किंवा लॅपटॉप डिपॉझिटचे पैसे मागितले की तो फ्रॉड समजा. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच 1930 या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवता यायची शक्यता जास्त.

अर्ज करताना दिवसाला पन्नास ठिकाणी बटण दाबण्यापेक्षा आठवड्यात चारच करा पण नीट करा. त्यांचं प्रॉडक्ट वापरा, काही खटकलं तर ते स्टेप्ससकट लिहून काढा आणि तेच अर्जात टाका. “मी मेहनती आहे, टीम प्लेयर आहे” हे सगळेच लिहितात, त्याऐवजी “तुमच्या साइनअप फॉर्ममध्ये मराठी नाव टाकलं की एरर येते, कारण बहुतेक हे असावं, मी असं दुरुस्त करीन” एवढ्या दोन ओळी वाचून समोरचा थांबतो. ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये छोटे फिक्स केले असतील तर त्याच्या लिंक द्या, पुरावा म्हणून डिग्रीपेक्षा ते जास्त चालते. गिटलॅब या पूर्ण रिमोट चालणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीनं आपलं अख्खं हँडबुक सगळ्यांसाठी उघडं ठेवलंय, इंटरव्ह्यूआधी त्यातलं कम्युनिकेशनचं प्रकरण वाचून घ्या, रिमोट कंपनी कशी चालते हे त्यातून कळते.

काम लागल्यावर रोजचा अपडेट. “लॉगिनचं काम चालू आहे” हा अपडेट नाही. असं लिहा: “लॉगिनमध्ये टोकन एक्स्पायर होतं तिथे अडकलोय, दोन उपाय करून पाहिले, पहिल्यात सेशन तुटते, दुसरा चालतो पण स्लो आहे, आज संध्याकाळपर्यंत नाही सुटलं तर दुसराच टाकतो, हरकत असेल तर सांगा.” तुम्ही झोपले असताना तिकडचा माणूस हे वाचून निर्णय देऊ शकतो, तुमचा एक दिवस वाचला ना. प्रश्न विचारतानाही नुसतं ‘हाय’ टाकून वाट बघत बसू नका, पूर्ण प्रश्न एकाच मेसेजमध्ये लिहा.

वेळेचं गणित घरच्यांसोबत बसून करा. न्यूयॉर्कची सकाळी 10 ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी 7:30 ला येते आणि नोव्हेंबरपासून 8:30 ला, कारण तिकडे घड्याळ मागे करतात. जर्मनीचे 10 म्हणजे उन्हाळ्यात दुपारी 1:30, थंडीत 2:30, म्हणून घरसंसार असेल तर युरोप बरं पडते. शेजारच्या काकूंना वाटते हा घरीच तर असतो, गॅसवाला आला की हाक मारतात, तर दार लोटून बसायची सवय पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना लावा.

मे महिन्याची तयारी मार्चमध्येच. पारा 45 च्या वर गेला की कूलरशिवाय बसवत नाही आणि कूलरचा आवाज माइकमध्ये विमानासारखा जाते, म्हणून तोंडाजवळ माइक येणारा हेडसेट घ्या, लॅपटॉपच्या इनबिल्ट माइकवर राहू नका. लाइट गेली तर राउटरला छोटा 12 व्होल्टचा यूपीएस, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम मोबाइल हॉटस्पॉटसाठी, एवढं कमीत कमी पाहिजेच.

पैशाचं शेवटी पण नीट वाचा. काही कंपन्या ‘डील’ (Deel) नावाच्या कंपनीसारख्या मधल्या कंपनीमार्फत भारतात रीतसर पगारी नोकरीवर घेतात, तेव्हा पीएफ कापतात, पण पुष्कळ कंपन्या काँट्रॅक्टर म्हणूनच घेतात. मग पीएफ नाही, सुट्टीचा पगार नाही, आरोग्य विमा स्वतःचा. रेट सांगताना हे सगळं धरूनच सांगा, नोकरीच्या वार्षिक पगाराला नुसतं बारानं भागून आकडा देऊ नका. सर्व्हिसेसची वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी रजिस्ट्रेशन लागते, अॅडव्हान्स टॅक्सही तुम्हालाच भरावा लागते, म्हणून पहिलं इन्व्हॉइस पाठवायच्या आधी एकदा सीएकडे जाऊन या. बाहेरून पैसे आले की बँकेकडून प्रत्येक वेळी एफआयआरए (परदेशातून पैसे आल्याचा बँकेचा कागद) मागून फोल्डरमध्ये ठेवा, वर्षाअखेरी शोधत बसायला लागत नाही. पहिला महिना काम, मग इन्व्हॉइस, मग त्यांचे तीस दिवस, म्हणजे हातात पैसे यायला दोन महिने सहज जातात, तेवढा घरखर्च बाजूला काढल्याशिवाय आत्ताची नोकरी सोडू नका.