जुन्या वनस्पतिचित्रांचा संग्रह: पारख आणि ठाण्याच्या हवेतले जतन

जुनी छापील वनस्पतिचित्रे जमवू इच्छिणाऱ्यांनी पहिली खरेदी करण्यापूर्वी आपल्या नित्य पाहण्यातले एक झाड निवडावे. ठाणेकरांसाठी ही निवड अवघड नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये येऊरच्या वाटेवर पळस, पांगारा आणि काटेसावर फुललेली असतात, आणि 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमहून बारा खंडांत निघालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथात या तिघांचीही चित्रे आहेत, तिथे पळस ‘प्लासो’ या नावाने येतो, आणि आपला शब्द तीनशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन ग्रंथात असा भेटला की फार आनंद होतो. झाड ओळखीचे असले म्हणजे चित्रकाराने काय नेमके टिपले आणि रंगवणाऱ्याचा हात कुठे चुकला, हे दुकानदाराने न सांगताही समजते.

पळसाचेच उदाहरण पुढे न्यायचे, तर वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या ग्रंथात (1795 ते 1820, एकूण 300 चित्रे) तो ‘ब्यूटिया फ्रॉन्डोसा’ या नावाने आढळतो. आज त्याचे शास्त्रीय नाव ‘ब्यूटिया मोनोस्पर्मा’ असे आहे. म्हणून जुन्या म्हणून दाखवलेल्या चित्राखाली हे नवे नाव छापलेले दिसले, तर तिथेच सावध व्हावे. मात्र असे मोठ्या आकाराचे चित्र नवशिक्याने आरंभी घेऊ नये. 1787 पासून लंडनहून निघणाऱ्या ‘कर्टिस बोटॅनिकल मॅगझिन’ची पाने आकाराने लहान आणि त्यामानाने आवाक्यातली असतात. त्यांतील चित्रे 1948 पर्यंत हातानेच रंगवली जात असल्यामुळे शिकण्यासाठी त्यांच्याइतकी चांगली सामग्री नाही, असे माझे मत आहे.

पारख करायची ती दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाने आणि बोटाने. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले चित्र ओलसर कागदावर प्रचंड दाबाने छापले जाई, त्यामुळे पत्र्याच्या कडेचा खोलगट चौकोन कागदावर उमटतो. स्वच्छ, कोरड्या बोटाचे टोक समासाकडून चित्राकडे हलकेच नेले, की ती पायरी लागते. कडा कापलेल्या पानात ती सापडणार नाही, म्हणून एवढ्यावरून चित्र खोटे ठरवू नये. शिळाछापाच्या चित्राला असा चौकोन नसतो आणि त्याची रेघ खडूने ओढल्यासारखी दाणेदार दिसते. शिळाछापाचे तंत्रच 1796 च्या सुमारास निघाले, तेव्हा त्या पद्धतीचे चित्र 1780 चे म्हणून कोणी विकू लागला तर सरळ नकार द्यावा. भिंगाखाली एकसारख्या ओळींत मांडलेले रंगीत ठिपके दिसले, तर ते छायाचित्रावरून काढलेले अलीकडचे पुनर्मुद्रण होय. याउलट हाताने दिलेला रंग सलग पसरलेला असतो, पाकळीच्या टोकाशी तो रेघेबाहेर किंचित ओघळतो आणि रंगाचे दोन हात जिथे एकमेकांवर चढले तिथे गडद होतो. तो रंग छपाईच्या काळचा की नंतर कोणी चढवलेला, हे ओळखणे सर्वांत कठीण. अनेक प्रती पाहूनच नजर तयार होते. त्यासाठी ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’च्या संकेतस्थळावर मूळ ग्रंथांची पाने विनामूल्य पाहता येतात. हातातले चित्र त्यांच्याशी रेघन्‌रेघ ताडून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

कागद उजेडासमोर धरावा. जलचिन्हात, म्हणजे कागदातच उमटवलेल्या खुणेत, वर्ष असेल, तर छपाई त्या वर्षाच्या आधीची असू शकत नाही. तपकिरी ठिपके थोडे असले तरी चालतील, पण फुलावर आलेला डाग मात्र मी स्वीकारत नाही.

मुंबईत फ्लोरा फाउंटनचे पदपथ आणि मटन स्ट्रीटवरचा चोरबाजार येथे सवडीने फिरावे. धडधाकट ग्रंथ फाडून सुटी केलेली पाने विकत घेऊन त्या प्रकाराला उत्तेजन देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. शिवाय 1972 च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

खरी कसोटी घरी आणल्यावर लागते. खाडीकाठच्या ठाण्यात जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की कागद ओलावा ओढून घेतो आणि बुरशी धरतो. माझे पहिले चित्र एका फ्रेमवाल्याने पांढऱ्या गोंदाने हार्डबोर्डवर पूर्ण चिकटवून दिले. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला फुगवटे आले आणि ते सोडवताना कागदाचा पापुद्रा निघाला. म्हणून फ्रेमवाल्याला आधीच लिहून द्यावे की चित्र केवळ वरच्या कडेला, जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांनी आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने अडकवायचे. मागचा पुठ्ठा आम्लविरहित हवा, आणि काचेला चित्राचा स्पर्श होऊ नये यासाठी मध्ये माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा. बाहेरच्या, पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर फ्रेम टांगू नये. आतल्या भिंतीवर, थेट ऊन न येणाऱ्या जागी टांगावी आणि मागे बुचाचे छोटे तुकडे लावून हवा खेळती ठेवावी. ऑक्टोबरमध्ये हवा कोरडी होऊ लागली, की प्रत्येक फ्रेम उतरवून मागची पट्टी तपासावी. तिथे कसरीने कुरतडल्याच्या खुणा किंवा राखाडी भुरका दिसला, तर त्याच दिवशी चित्र बाहेर काढून सावलीत, पंख्याच्या झोतापासून दूर, टिपकागदावर पसरून ठेवावे.