इस्तंबूलचा लेओव्हर: क्रूसोबत शहर पाहायचे ते कसे

विमानाच्या क्रूमधल्या आम्हां मंडळींना मुंबईहून सुमारे ७ तासांचे उड्डाण करून इस्तंबूलला उतरल्यावर बॅगा टाकून लगेच बाहेर पडावेसे वाटते, पण तो मोह आवरावा. लेओव्हर, म्हणजे दोन उड्डाणांमधला मुक्काम, आधी झोपेसाठी असतो आणि मग शहरासाठी. म्हणून हॉटेलच्या लॉबीतच परतीच्या पिकअपची, म्हणजे विमानतळावर नेणाऱ्या गाडीची, वेळ सर्वांनी लिहून घ्यावी, हाती असलेल्या वेळेतून पुरेशी झोप आणि तयारी वजा करावी, आणि जे पाच-सहा तास उरतील त्यांतच बेत बसवावा. इस्तंबूलचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. त्यामुळे पिकअपची वेळ बोलताना नेहमी स्थानिक वेळच बोलावी. आपल्या नियमांप्रमाणे उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य आहे, आणि एवढ्या छोट्या मुक्कामात ते पूर्णच टाळावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शहर फार मोठे आहे आणि रस्त्यावरची वाहतूक बेभरवशाची आहे. म्हणून टॅक्सीचा नाद सोडून आधी पैसे भरून वापरायचे इस्तंबूलकार्ड घ्यावे; ते ट्राम, मेट्रो आणि बोट या तिन्हींवर चालते. टी-१ ट्रामने सुल्तानअहमेत थांब्यावर उतरले की आयासोफिया आणि निळी मशीद समोरासमोर दिसतात. निळी मशीद नमाजाच्या वेळी पर्यटकांसाठी बंद असते आणि शुक्रवारी दुपारी हा खंड लांबतो. गटातील महिलांनी डोके झाकण्यासाठी ओढणी जवळ ठेवावी. मंगळवारी तोपकापी राजवाडा बंद असतो आणि रविवारी ग्रँड बाजार, तेव्हा निघण्यापूर्वी वार पाहावा. रात्रभर उभे राहून पाय दुखत असतील आणि आत जाऊन एकच वास्तू पाहायची असेल, तर मी जमिनीखालचे येरेबातान जलाशय सुचवेन. सहाव्या शतकातील या जलाशयात ३३६ खांबांच्या रांगा मंद उजेडात उभ्या आहेत, आणि एका कोपऱ्यात दोन खांबांच्या तळाशी ग्रीक पुराणकथेतल्या सर्पकेशी मेदुसाची दोन शिरे बसवलेली आहेत, एक आडवे तर दुसरे उलटे.

तिथून उतारावरून चालत एमिनोन्यूच्या धक्क्यावर यावे आणि पलीकडच्या आशियाई किनाऱ्यावरच्या कादिकॉयची बोट पकडावी. इथे एक काळजी घ्यावी लागते. कादिकॉय आणि त्याच किनाऱ्यावरचे उस्कुदार यांच्या बोटींचे धक्के वेगळे आहेत. एकदा गर्दीत आमच्यातली नवी मुलगी भलत्याच बोटीत चढली, आणि अर्ध्या पाण्यातून तिचा फोन आला, “ताई, तुम्ही सगळे कुठल्या मजल्यावर बसला आहात?” तिच्या फोनला इंटरनेट होते म्हणून निभावले. तेव्हापासून मी निघण्यापूर्वी चुकामूक झाल्यास भेटायची जागा आणि वेळ ठरवून घेते, आणि हॉटेलचे कार्ड प्रत्येकाच्या खिशात आहे ना, हे पाहते.

बोटीचा प्रवास जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांचा, पण माझ्या दृष्टीने दिवसाचा खरा गाभा तोच. बाहेरच्या बाकावर बसावे. मधे बारीक कंबरेच्या छोट्या पेल्यातून कोरा चहा मिळतो, आणि तो इतका गरम असतो की पेला काठाशी दोन बोटांनीच धरावा लागतो. सिमित या तीळ लावलेल्या कड्यासारख्या पावाचा तुकडा हवेत उडवला की सीगल तो अलगद टिपतात. डावीकडे आधी पाण्यातला कुमारी बुरूज आणि मग हायदरपाशा स्थानकाची भव्य इमारत दिसते, आणि युरोपातून निघालेलो आपण आशियात उतरतो.

कादिकॉयच्या बाजारात पोटभर खावे. शाकाहारी सहकाऱ्यांसाठी मसुरीचे सूप, म्हणजे मेर्जिमेक चोरबासी, आणि चीज किंवा पालक भरलेली पातळ पोळी, म्हणजे गोझलेमे, हे चांगले पर्याय आहेत, सूप कधी मांसाच्या रश्शात करतात, म्हणून “एतसिझ?”, म्हणजे मांसाविना आहे का, असे विचारून घ्यावे. सोबत आयरान मागवावे. ते आपल्या ताकाच्या जवळचे आहे. बिलासाठी नुसते “हेसाप” म्हणावे. हा आपलाच ‘हिशेब’. ‘दुकान’ आणि ‘हवा’ हे शब्दही तिथे जवळजवळ असेच ऐकू येतात, आणि परक्या शहरात असा शब्द कानी पडला की फार बरे वाटते. पैसे एकाने भरावेत आणि वाटणी त्याच टेबलावर करावी. उड्डाणानंतर ती राहून जाते.

परतताना शक्य असल्यास सूर्यास्ताची बोट घ्यावी, कारण तेव्हा जुन्या शहराचे मिनार मावळतीच्या उजेडापुढे काळे उभे दिसतात. हिवाळ्यात दक्षिणेकडून लोदोस नावाचे वारे सुटले की बोटी रद्द होतात. अशा वेळी सोगुत्लुचेश्मे स्थानकातून मार्माराय या रेल्वेची गाडी धरावी, ती समुद्राखालच्या बोगद्यातून थेट जुन्या शहरातल्या सिर्केजीला नेते. कार्डात शिल्लक उरली तर ते परत नेऊन पुढच्या रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकात, इस्तंबूल आलेल्या सहकाऱ्याला द्यावे.