पर्लमध्ये सबरुटीनला अ‍ॅरे देताना या चुका टाळा

पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत सबरुटीनला (नाव देऊन हवा तेव्हा वापरायच्या कोडच्या तुकड्याला) दोन अ‍ॅरे (घटकांच्या क्रमवार याद्या) पाठवले, आत मात्र पहिला फुगलेला आणि दुसरा रिकामा. एरर नाही, वॉर्निंगही नाही. म्हणूनच ही चूक सापडायला वेळ लागतो. (खालचा कोड देवनागरीत आहे, फाइलमध्ये नेहमीसारखा रोमनमध्येच लिहा. ‘माय’ म्हणजे my, ‘तपासा’ हे सबरुटीनचं नाव.)

तपासा(@नावे, @गुण);
माय (@न, @ग) = @_;

@नावे मध्ये ३ आणि @गुण मध्ये २ घटक असतील तर @_ मध्ये, म्हणजे सबरुटीनला मिळालेल्या किमतींच्या अ‍ॅरेत, ५ घटकांची एकच सलग यादी येते. कुठला घटक कुठल्या अ‍ॅरेचा, ही खूण कॉल करतानाच पुसली जाते. मग पाचही @न च्या पोटात जातात आणि @ग ला काहीच उरत नाही. अ‍ॅरेच्या आधी उलटी तिरकी रेघ देऊन रेफरन्स (मूळ अ‍ॅरेकडे बोट दाखवणारी किंमत) पाठवा:

तपासा(\@नावे, \@गुण);
माय ($न, $ग) = @_;

आता @_ मध्ये दोनच घटक. पूर्ण अ‍ॅरे हवा तर @$न, पहिला घटक हवा तर $न->[०]. बाण विसरून $न[०] लिहिलंत तर पर्ल @न नावाचा भलताच अ‍ॅरे शोधतो. फाइलीत यूज स्ट्रिक्ट (use strict, नियम कडक करणारी ओळ) असेल तर कंपाइल होतानाच अडतं. नसेल तर गुपचूप रिकामी किंमत मिळते. आणि \(@नावे) असा कंस घालू नका, त्याने प्रत्येक घटकाचा वेगळा रेफरन्स बनतो.

कंस हवा तो दुसरीकडे. माय $न = @_; यात $न मध्ये घटकांची संख्या येते, रेफरन्स नाही. माय ($न) = @_; हे बरोबर. पहिल्या प्रकारानंतर @$न वापरलं की स्ट्रिक्ट ‘ही स्ट्रिंग अ‍ॅरे रेफरन्स म्हणून चालणार नाही’ अशा अर्थाची एरर देतं. एररमध्ये अवतरणात १ किंवा २ असा आकडा दिसला, तर बहुधा हाच कंस राहिलाय.

रेफरन्स दिला की मूळ अ‍ॅरेच हाती दिला. आत @$न = सॉर्ट @$न; केलंत की बाहेरच्या @नावे चा क्रमही बदलतो. तो नको असेल तर आधी माय @प्रत = @$न; करून प्रतीवर काम करा. मात्र ही प्रत वरवरची असते: अ‍ॅरेत आणखी अ‍ॅरे असतील तर आतले सामायिकच राहतात. रेफरन्स न देताही $_[०] मध्ये, म्हणजे @_ च्या पहिल्या घटकात, किंमत भरली तर कॉल करणाऱ्याचा घटक बदलतो, कारण @_ मध्ये नकला नसतात.

रिटर्नलाही हेच लागू: दोन अ‍ॅरे परत करायचे तर रिटर्न (\@अ, \@ब);